मंदी कोन होय?

चैतराम सौंदडच्या ठेसनावर उतरला तेव्हा गावात धानाची रोवणी ऐन रंगात होती. पोळ्याला अजून अवकाश होता, दिवाळी तर कुठच्या कुठे. अशा अवेळी डोक्यावर पेटी घेऊन तो दारात उभा राहिलेला पाहून त्याची माय सुशीलाबाई तांदूळ निवडता निवडता थबकली. सून मंजू रोवणीवाल्या गंगाबाईच्या टोळीतल्या बायांबरोबर धानाच्या शेतात, बांधीत होती. घरात दुसरं कोणी नव्हतं.

मायनं आधी ताट वाढलं, मग विचारलं, काऊन आलास म्हणून.

चैतराम बारा वर्षं सुरतेकडच्या एका कारखान्यात साड्यांच्या घड्या घालत होता. दर दिवाळीला गावात येऊन सांगायचा की आपण नसलो तर कंपनीचं एक पान हलत नाही. आता त्याच तोंडानं काय सांगावं? त्यानं भाताचा मोठा घास भरला आणि घासाआडून बोलला.

"मंदी आली ना माय. साऱ्यायले घरी हाकललन."

एवढं बोलून तो हात धुऊन आडवा झाला. रेल्वेचा शिणवटा होता, लगेच घोरायला लागला.

सुशीलाबाईच्या माहेरी मंदी नावाची एक बाई होती, शेजारच्या टोल्यावरच्या वस्तीत दुसरी. दोघी मोठ्या तोंडाळ. बाजारभावाची मंदी तिनं जन्मात ऐकली नव्हती. सुरतेत कोणी मंदी नावाची बाई आली आणि तिच्यापायी आपलं लेकरू देशोधडीला लागलं, एवढं तिला कळलं. सूप तिथंच टाकून ती बोरिंगवर, पाणी भरणाऱ्या बायांत गेली. तिथून गोष्ट बांधीपर्यंत अशी पोचली की पाण्यालाही जास्त वेळ लागला असता.

सांजेला मंजू आली. पाय धुतले, चूल पेटवली आणि नवऱ्यापुढं ताट असं आदळलं की वरणाचा थेंब त्याच्या नाकावर उडाला. नोकरीची बातमी हिला लागली, असं चैतरामला वाटलं. तो गयावया करू लागला.

"माहा का कसूर हाय? मंदीपुढं कोनाचं चालते का?"

मंजूनं पदर खोचला. "जुनी हाय का थे?"

"मधामधात येतच राहते म्हनतत. पन यावेरची लय मोठी हाय."

"मोठी हाय." मंजूनं पळी खाली ठेवली. "आनि जाईन केव्हा?"

"दिवाळीपावतर राहीन म्हनतत. मालकच पायाखाली गेला तिच्या, आमी तं नौकर मानसं."

मंजू तशीच उठली. आपलं अंथरूण उचलून सासूच्या खोलीत गेली. बायको भांडली नाही, इतकी समजूतदार कशी निघाली, याचं चैतरामला जरा नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर त्याचं जे स्वागत झालं ते बारा दिवाळ्यांत झालं नव्हतं. किराणावाल्या चंद्रकुमारनं स्वतः उठून जागा दिली, चहा सांगितला आणि कानाशी तोंड आणून विचारलं की रंगानं कशी आहे. कोण? तर मंदी. तेव्हा कुठं चैतरामच्या डोक्यात उजेड पडला.

त्याच वेळी सांगून टाकायचं होतं. पण सांगायचं काय? कारखान्यानं काढून टाकलं, हे? पानठेल्यावर दहा माणसं त्याच्याकडं टक लावून बसली होती, आणि त्यातली सहा दरसाल त्याच्या बढाया ऐकून कंटाळलेली. बाईपायी आलेला माणूस बदमाश ठरतो. काढून टाकलेला बिचारा ठरतो. बिचारं होण्यापेक्षा बदमाश बरं, असं ठरवून त्यानं चहाचा घोट घेतला आणि नुसता हसला. त्या हसण्याचे गावानं दहा अर्थ काढले. एका म्हाताऱ्यानं तर केसाला कोणता रंग लावतोस, हेही विचारून घेतलं.

दोन दिवस असे मजेत गेले. मजेत म्हणजे पानठेल्यावर. घरी माय तोंड फिरवून बसायची आणि मंजू दोघींपुरती भाकर थापायची. चैतराम चहावर जगत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मंजूचा भाऊ हेमेंद्र तिरोड्याहून मोटरसायकलवर आला. त्याला बहिणीला घेऊन जायचं होतं. आणि इकडं टोळीनं घेतलेली अर्धी बांधी रोवायची बाकी. तलावाच्या पाण्याची पाळी त्याच दिवशी संपत होती. उद्या चिखल आवळला की धानाची रोपं, सारे पऱ्हे, फेकून द्यायची वेळ. तर गंगाबाईनं टोळीतल्या चौदा बायांना बांधावर बसवलं आणि निरोप धाडला, चैतरामच्या घरचा निकाल लागल्याबिगर एक काडी रोवली जाणार नाही.

चैतराम जीन्सची पँट आणि पांढरे बूट घालून धावतच बांधावर गेला. चौदा बाया तमाखू मळत होत्या. हेमेंद्र गाडीला टेकून बाह्या सरकवत होता. माय डोळे पुसत होती. मंजू चिखलात, पिंडऱ्यांपर्यंत.

"थे पायजे का मी, सांगा," ती म्हणाली. "साऱ्यायच्या देखत सांगा."

चैतरामनं आभाळाकडं पाहिलं, बुटांकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मंदी बाई नोहे. काम गेलं माहं."

कोणाचा विश्वास बसला नाही. हेमेंद्र म्हणाला की पकडला गेलेला हरेक माणूस असंच म्हणतो. चैतरामनं समजावून पाहिलं. माल उठत नाही, ऑर्डरी बंद, शंभरातले साठ माग थांबले, मॅनेजरनं पेढे देऊन उद्यापासून येऊ नका म्हटलं. बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. गंगाबाई म्हणाली, पेढे देऊन कोणी काढते का गा?

"घरी कसा येऊ म्हनून चार दिवस डबा घेऊन गेटापुढं बसलो मी," चैतराम म्हणाला. "बाजूच्या मानसाले वाटावं का कामालेच जाऊन राहिलो."

मंजूला त्याचे फोन आठवले. बारा वर्षं रोज दुपारी त्याचा फोन यायचा आणि त्याच्या बोलण्यामागं मागांची खटखट चालायची. सुरुवातीला त्या आवाजानं तिचं डोकं उठायचं. पुढं सवय झाली.

"खरं बोलून राहिले ते," ती भावाला म्हणाली. "मांगच्या हप्त्यात चार दिवस फोनात खटखट नाई आयकू आली. मले वाटलं, मोबाईलच सुदरला."

मग मंजूनं हातातली पऱ्ह्यांची पेंढी चिखलात आदळली.

"बाई असती तं झिप्र्या धरून आनली असती इथं. आता हिचं का उपटू मी?"

आधी गंगाबाई हसली. मग चौदाच्या चौदा. हसता हसता एक बांधावरून घसरून खाली गेली, तिला उचलायला दुसरी. मायनं मात्र मधेच विचारलं की बाई नाही तर मग एवढी माणसं हाकलली कोणी.

गंगाबाईनं तमाखू थुंकली. "उतर गा खाली. बूट काढ."

पाणी थांबणार नव्हतं. हेमेंद्रालाही सोडलं नाही. बहिणीला न्यायला आलेला माणूस दिवसभर पऱ्ह्यांच्या पेंढ्या वाहत होता. साडीची घडी डोळे मिटून घालणारी चैतरामची बोटं चिखलात मात्र आंधळी झाली. त्याची रांग सापासारखी वाकडी गेली. दोनदा तो बसकण मारून पडला, तिसऱ्यांदा पालथा. पण दिवस बुडायच्या आत शेवटचा कोपरा हिरवा झाला. त्या सांजेला मंजूनं भाकरी थापल्या त्या मोजून नव्हेत.

दुसऱ्या सकाळी टोळी रस्त्यानं निघाली आणि गंगाबाईनं मंजूला हाक मारली. मग थोडं थांबून म्हणाली, "त्यालेबी घे. रोवाले नोको, पेंढ्या फेकाले ठेवू."

चैतराम लुंगी खोचून निघाला. दाराशी मायनं विचारलं, कुठं चाललास?

"कामाले."

"कोन्या कंपनीत?"

"गंगाबाईच्या."

म्हातारीनं जरा विचार केला.

"थे लय कडक हाय, बाबू," ती म्हणाली. "खाडा नोको करू."