बाळाची आंघोळ

स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या घेणाऱ्या सुनेचा काय भरवसा, म्हणून सासूबाई तिला बाळाच्या आंघोळीला हात लावू देत नसत. आज मात्र नर्सने शिकवलं होतं तसं सुनेने टबात कोपर बुडवलं आणि तिचा पाराच चढला.

“पाणी कढत आहे! भाजेल तो! द्या इकडे!”

सासूबाईंनी बाळाला छातीशी घट्ट धरलं. “बघा, आला झटका,” त्या घरी तपासायला आलेल्या नर्सला म्हणाल्या. “हिची गोळी वाढवा.”

या घरात सुनेने आवाज चढवला की तो आजारच ठरायचा.

नर्सने पाण्यात कोपर घातलं आणि झटकन मागे घेतलं.

“झटका नाही आजी, राग आहे हा. रागावर गोळी नसते.”

“द्या,” सून म्हणाली. आवाज चढलेलाच होता.