स्वरबाबांचं बटण

फर्निचरच्या दुकानावरचा तो हॉल माणसांनी गच्च भरला होता. पुढे टेबलावर चकचकीत चादर, चादरीवर एक की-बोर्ड, आणि की-बोर्डवरचं कंपनीचं नाव सोनेरी पट्टीखाली दडवलेलं. मागे साक्षात स्वरबाबा! पांढरी कफनी, बोटाबोटांत अंगठ्या आणि चेहऱ्यावर असा भाव, जणू सातही सूर यांच्याकडे भाड्याने राहतात.

"ज्यानं जन्मात वाद्याला हात लावला नाही, त्यानंच पुढे यावं," बाबा डोळे मिटून म्हणाले. "शिकलेल्याच्या बोटांत अहंकार असतो. आम्हाला कोरी बोटं हवीत, कोरी!"

एक निवृत्त बँक मॅनेजर आपली कोरी बोटं घेऊन धावले. बाबांनी मनगटावर फुंकर मारली. साहेबांनी भीत भीत वाटेल तिथे बोट आपटलं, पुन्हा आपटलं, आणि काय सांगावं, सुरेल प्रार्थना सुरू झाली! एक सूर इकडचा तिकडे नाही. साहेबांच्या डोळ्यांना धारा लागल्या. हॉल टाळ्यांनी दणाणला.

मागच्या भिंतीला टेकून मामा दातओठ खात उभा होता. लग्नं, वाढदिवस, दुकानांची उद्घाटनं, कुठेही बोलवा, हा मामा की-बोर्ड घेऊन हजर. त्याचा की-बोर्डही याच जातीचा, सेलमध्ये घेतलेला, वरची एक पट्टी कायमची बसलेली. त्या स्वस्त स्पीकरची घरघर तो झोपेतही ओळखला असता. एरवी तो हसून जिना उतरला असता. पण पहिल्या रांगेत त्याची ताई होती, शेजारी भावोजी, आणि भावोजींच्या मांडीवर छकुली.

छकुली चार वर्षांची, जन्मापासून बहिरी. सोमवारी तिच्या कानात यंत्र बसवायची शस्त्रक्रिया ठरली होती. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं होतं, "आता आणखी थांबलात तर तिला बोलणं शिकणं अवघड होत जाईल." आणि भावोजींनी कालच ताईला हुकूम सोडला होता, दवाखान्यात फोन कर आणि तारीख रद्द कर. का? तर मागच्या बैठकीत पोरीने प्रार्थना वाजवली म्हणून!

"ऐकू आल्याशिवाय वाजवेल का ती?" ते मामाला म्हणाले होते. "तुझा धंदा बसेल म्हणून तुझा जळफळाट चाललाय."

आता बाबांनी छकुलीला जवळ घेतलं. "बाळाचे कान उघडू लागलेत. पण सुरी लावलीत, तर सूर कायमचा रुसेल हं!"

छकुलीने दोन्ही हातांनी पट्ट्या बडवल्या. प्रार्थना वाजली. भावोजी रडायला लागले. ताई मात्र खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती. मामाला ते बघवेना. तो तरातरा दाराकडे गेला, बाबांची नक्षीदार चप्पल उचलली, परत आला आणि की-बोर्डवर हाणली. एकदा, दोनदा, दहादा, हाणतच राहिला.

चपलेने अख्खी प्रार्थना वाजवली. बिनचूक.

"आता बोला!" मामा गरजला.

मॅनेजर उठले, हात जोडले. "धन्य! बाबांच्या पायताणातसुद्धा सूर आहेत!" एका बाईंनी तर ती चप्पल डोळ्यांना लावली.

मामाने कपाळ बडवलं. "अहो, अकलेला सुट्टी दिलीय का? हे बटण बघा! हे दाबलं की कुठलीही पट्टी मारा, आत भरलेलं गाणं एकेक सूर पुढे सरकतं. दुकानदार हेच दाखवून आईबापांच्या गळ्यात की-बोर्ड बांधतो. तुमचं पोर कलाकार आहे म्हणतो!" त्याने बटण बंद केलं. "बाबा, आता वाजवा. तुम्हीच."

"आज आमचं मौन आहे," तासभर बडबडलेले बाबा म्हणाले.

मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. पण भावोजी हटेनात. "की-बोर्ड निमित्त असेल. पण ती ऐकते! मी बाप आहे, मला कळतं!"

पुढची गोष्ट करायची मामाला लाज वाटत होती. चारचौघांत पोरीची परीक्षा घ्यायची, आणि तीही तिला न सांगता. पण सोमवार तोंडावर आला होता. त्याने बटण पुन्हा लावलं, आवाजाचा खटका शून्यावर आणला आणि छकुलीला खूण केली, वाजव.

ती वाजवायला लागली. हॉलमध्ये नुसती पट्ट्यांची टकटक. छकुली मान डोलावत होती, लोकांच्या तोंडाकडे बघत हसत होती, टाळ्यांची वाट बघत होती.

भावोजी उठले. तिच्या पाठीमागे जाऊन त्यांनी हाक मारली, "छकुली!" मग मोठ्याने. मग ओरडून. हॉल दचकला. एकटी छकुली दचकली नाही. तिची बोटं तशीच चालू होती.

"माझी चप्पल द्या," बाबा म्हणाले. "आम्हाला पुढे जायचंय."

भावोजींनी पोरीला उचलून छातीशी धरलं. "ताई... अगं, मी काय करून बसलो गं," बायकोला काय म्हणतोय याचंही त्यांना भान नव्हतं. "ती तारीख आता परत मिळेल का?"

"मी फोन केलाच नव्हता," ती म्हणाली. "तुमचं ऐकलं नाही मी. सोमवारी सकाळी निघायचंय."

तर मंडळी, बाबांना शिव्या घालून मोकळं होऊ नका. बटण त्यांनी दाबलं खरं, पण टाळ्या आपण वाजवल्या. पुन्हा कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी तेच हात वापरून ते यंत्र उलटंपालटं करून बघा. प्रश्न विचारा. प्रश्नाने ज्याची कृपा आटते, त्याच्याकडे ती नव्हतीच. आणि पोर बहिरं असेल, तर त्याला डॉक्टरकडे न्या. त्याचं वय तुमच्या भक्तीसाठी थांबत नाही.