ब्रेकबाबांची नतमस्तक गाडी

देऊळघाटच्या वळणावर पाय ठेवायला जागा नव्हती. पुण्याहून आलेल्या भक्ताने आपोआप चालणाऱ्या नव्या गाडीचं बटण दाबलं, हात सोडले, पाय वर घेतले. आणि समोर बाबांचा माणसाएवढा फोटो दिसताच गाडी गपकन थांबली. नारळ फुटले. लोक त्यांना ब्रेकबाबाच म्हणू लागले होते.

"निर्जीव यंत्र नतमस्तक होतं!" बाबा माईकवर गरजले. "तिथं डोळ्यांचा रोग काय चीज? थेंब फेका, अंगारा लावा!"

छायाने कपाळाला हात लावला. बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून ती थकली होती; एक बाबा जातो, दुसरा येतो. पण या खेपेला आग घरातच लागली होती. तिच्या आईला, गीताबाईला, काचबिंदू होता आणि बाबांचं ऐकून महिनाभरापासून तिने डोळ्यांचे थेंब बंद केले होते. गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं.

"वाहेदभाऊ, गाडी काऊन थांबते?" तिने शेजारी उभ्या गॅरेजवाल्याला विचारलं.

"हिले नुसते कॅमेरे हायेत, ताई. फोटो दिसला का तिले वाटते, माणूस आडवा आला. लायडर नावाचं यंत्र असतं तं त्यानं आंधळ्याच्या काठीवानी उजेड टाकून अंतर मोजलं असतं. फोटो तं रस्त्याच्या पार, बांधावर हाय. पण लायडर महाग, म्हणून कंपनीनं डोयेच देल्ले, काठी नाही."

वाहेदच्या गॅरेजवर ताडपत्री म्हणून मागच्या निवडणुकीचा एक बॅनर होता. त्यावर डिपॉझिट गेलेला दयाराम हात जोडून उभा. छायाने तो बाबांच्या फोटोवर टांगला. बाबा "पाप, पाप" ओरडत राहिले, पण फुकटचा तमाशा कोणाला नको असतो? गाडी आली आणि दयारामपुढेही थांबली.

"अबे, याले वार्डानं मत नाही देल्लं, अन् गाडी पाया पडून राह्यली!" कोणीतरी ओरडलं आणि हसू फुटलं. मग बॅनर पालथा केला. पांढऱ्या पाठीकडे न बघता गाडी वळणावरून न थांबता निघून गेली.

"म्हंजे तिलेबी धड दिसत नाही?" गर्दीत उभ्या गीताबाईने लेकीला हळूच विचारलं.

"दिसते, माय," छाया म्हणाली. "दिसलेलं तपासता येत नाही. आपल्याले येते."

घरी गेल्यावर छाया थेंबांची बाटली घेऊन आईच्या डाव्या बाजूला बसली.

"इकडून ये पोरी," गीताबाई म्हणाली. "तिकून तू दिसत नाहीस आता."

छाया उठून उजवीकडे बसली. तिला रडू आलं, रागही आला. बाबांनो, बायांनो, चमत्कार दिसला की नमस्काराआधी एकदा बॅनर उलटून पाहा. आणि थेंब बंद करण्याआधी तर नक्कीच पाहा.