खुर्च्यांचे मोजे

डबा घरी आला की तो आधी उलटा करून बघायचा, ही खारूताईच्या आईची सवय. काय खाल्लं, काय टाकलं ते झाकण उघडल्यावर कळतंच. पण कुठे बसून खाल्लं ते डब्याच्या बुडावरून कळतं. शाळेच्या जेवणघरातली टेबलं गुळगुळीत, रोज पुसलेली. खारूताईच्या डब्याच्या बुडाला मात्र करडी धूळ असायची. म्हणजे आजही मागचा जिनाच.

खारूताई हे बापानं ठेवलेलं नाव. लहानपणी लेक दोन्ही हातांत गाजर धरून कुरतडायची, तेव्हा पडलं ते चिकटलंच. आता ती सहावीत होती. दोन्ही कानांमागे श्रवणयंत्रं होती, त्यांना घरात सगळे ‘मशीन’ म्हणत, आणि ती दिसू नयेत म्हणून केस कायम पुढे ओढलेले. वर्गात तिचं काही अडत नसे. पण जेवणाची सुट्टी झाली की मशीन काढून खिशात, डबा काखेत, आणि गडी एकटा जिन्यावर.

“आत का नाही गं बसत?” आई विचारायची.

“बसेन ना. चालेल.”

लेकीच्या या ‘चालेल’ची आईला धास्तीच होती. पोळलं तरी चालेल, हरवलं तरी चालेल. म्हणूनच तिनं शहराच्या दुसऱ्या टोकाची एक शाळा हेरून ठेवली होती. छोटे वर्ग, जमिनीवर जाड गालिचे, सगळीकडे कुजबुज. सत्र संपेपर्यंत तिथे एक जागा राखून ठेवायला त्या लोकांनी कबूल केलं होतं. जायचं-यायचं म्हणजे बसमध्ये अर्धा दिवस जाणार, इथल्या मैत्रिणी सुटणार. खारूताईला विचारलं तेव्हा ती “चालेल” म्हणाली, आणि त्या संध्याकाळी तिनं गाजराला हात लावला नाही.

“सत्र संपेपर्यंत थांब की,” बाप म्हणाला. “तू म्हणजे ना, आभाळात ढग दिसला की घरात छत्री उघडून फिरतेस.”

“आणि तू चिंब भिजल्यावर विचारतोस, पाऊस आला का म्हणून!”

तेवढ्यात शाळेनं प्रोजेक्ट काढला.

प्रोजेक्ट या शब्दाचा आईनं धसकाच घेतला होता. प्रोजेक्ट म्हणजे लेकरं झोपल्यावर आई-बापांनी थर्माकोल कापत बसायचं, आणि सकाळी लेकरानं तो सांभाळत नेऊन ‘मी केलं’ म्हणायचं. पण पालकसभेत वेगळंच ऐकायला मिळालं. सहावीचे तीन शिक्षक आपले तास एकत्र करणार होते. प्रश्न मुलांनीच निवडायचा, तोही शाळेतलाच, आणि उत्तर कागदावर नाही तर प्रत्यक्षात करून दाखवायचं.

तिघांनाही मुलांनी नावं ठेवलेली होती. विज्ञानाचे ते कशावरून सर. ‘सर, आज गरम होतंय’ म्हटलं तरी ते विचारायचे, “कशावरून?” गणिताच्या त्या पायरीबाई, उत्तर बरोबर असून एक पायरी गाळली तर गुण कापणाऱ्या. आणि शिवण शिकवणाऱ्या टाचणीबाई. त्यांच्या बाहीवर टाचण्यांची रांगच असे, त्यामुळे त्यांना मिठी मारायची कुणाची छाती नव्हती. तिघं एकाच शाळेत वर्षानुवर्षं शिकवत होते. पण एकमेकांच्या वर्गाचं दार ओलांडायचं तर जणू व्हिसा लागत होता.

मुलांनी प्रश्न निवडला: आपल्या जेवणघरात इतका कलकलाट का होतो? सुचवणारा पोरगा वर्गात ‘तोफ’ म्हणून ओळखला जायचा. त्याचं म्हणणं होतं की त्या गोंगाटात स्वतःचं बोलणं ऐकू यावं म्हणून त्याला ओरडावं लागतं, आणि मग शिक्षा त्यालाच होते.

“बघ, आपल्याच लेकीचा प्रश्न घेतलाय,” बाप म्हणाला.

“हो, आणि नाही सुटला तर?” आई म्हणाली.

कामाला सुरुवात झाली. कशावरून सरांच्या तासाला मुलांनी रिकाम्या जेवणघरात फुगे फोडले आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते फोनवर टिपलं. भिंती गुळगुळीत, छत उंच. आवाज चेंडूसारखा टप्पे खात फिरत होता. टिपणं गेली पायरीबाईंकडे. त्यांच्या तासाला भिंतींचं क्षेत्रफळ निघालं, किती भाग झाकायचा ते ठरलं. आकडे गेले टाचणीबाईंकडे. तिथे जुन्या घोंगड्या आणि रजया गोळा करून जाड गाद्यांसारखे तक्ते शिवले. प्रत्येकानं आपापल्या खोलीत आपापलं काम चोख केलं आणि पुढे सरकवलं.

तक्ते टांगायला पालकांना बोलावलं होतं. खारूताईची आई शिडीवर चढली. शेवटचा तक्ता लागल्यावर तोफेनं एक फुगा फोडला. फट् झालं आणि तिथेच मेलं. एवढासाही घुमला नाही. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. आईनं लेकीकडे पाहिलं. खारूताई हसत होती. आईला वाटलं, जिंकलो.

पुढच्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत देखरेख करायची पाळी तिच्याकडे आली. हे काम पालकच आळीपाळीनं करत आणि डोकं धरून घरी जात. घंटा झाली, पोरं आत घुसली. तिनं कान टवकारले, आणि तिचा चेहरा उतरला. पूर्वी आवाज दगडासारखा लागायचा, आता विटेसारखा. बाकी काही फरक नाही.

दारात खारूताई उभी होती. कानांत मशीन, हातात डबा. आज ती खरंच आत बसायला आली होती. एक पाऊल आत टाकलं, मग दुसरं. तेवढ्यात एका टेबलावरची सगळी पोरं एकदम उठली. लेकीचे खांदे कानांपर्यंत चढले. तिनं मशीन काढून खिशात टाकलं, आणि आईकडे न बघता ती जिन्याकडे वळली.

आईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बस झालं. आत्ताच्या आत्ता सांगून टाकायचं की आम्ही मुलीला काढतोय. ती तरातरा गेली आणि शिक्षकांच्या खोलीचं दार ढकललं.

आत गारवा होता आणि शांतता होती. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. कशावरून सर खिडकीशी डबा खात होते, पायरीबाई कोपऱ्यात, टाचणीबाई तिसऱ्या टेबलाशी. तिघांच्या तीन तऱ्हा. तिनं मागे दार लावलं तसा जेवणघराचा आवाज कापून टाकल्यासारखा बंद झाला. आणि जे बोलायला ती आली होती ते बाजूलाच राहिलं.

“तुमच्यापैकी कुणी तिथे कधी जेवलंय?” तिनं विचारलं.

सरांनी डब्यातून मान वर केली.

“तुम्ही मोजलंत ते रिकाम्या खोलीत, तुमच्या तासाला. सुट्टीत तर तुम्ही सगळे इथे असता. ते तक्ते लावून काहीही झालेलं नाही.”

“कशाव...” सरांनी सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्यांनी डब्यावर झाकण लावलं, डबा उचलला आणि दाराबाहेर पडले. टाचणीबाई हातातला घास तसाच घेऊन मागोमाग. पायरीबाईंनी आधी डबा बंद केला, मग चमचा पुसला, मग पिशवीत ठेवला, मगच उठल्या. पण उठल्या.

तिघं जेवणघरात एकाच टेबलाशी बसले तेव्हा पोरांना वाटलं तपासणीच आली. क्षणभर सगळे गप्प. मग पुन्हा जैसे थे.

“मीठ द्या!” पायरीबाई म्हणाल्या.

“कोण आलंय?” टाचणीबाई म्हणाल्या.

“मीठ, मीठ!”

“कशावरून?” सर ओरडले, आणि तिघांनाही हसू फुटलं. ते हसणंही कुणाला ऐकू आलं नाही.

मग सर उठून मागच्या जिन्यावर गेले आणि खारूताईच्या एक पायरी खाली बसले. आई दाराआड थांबली. चोरून ऐकू नये हे तिला कळत होतं, पण पाय हलेनात.

सरांनी कानाकडे बोट दाखवलं. खारूताईनं मशीन लावलं.

“आत काय होतं गं? तुझ्या कानानं सांग. चालेल-बिलेल नको.”

खारूताईनं गाजर खाली ठेवलं. “टोचतं.”

“काय टोचतं? पोरांचं बोलणं?”

“नाही. बोलणं नाही टोचत. खुर्च्या टोचतात.” तिनं जिन्याच्या फरशीवर डबा खर्रकन ओढून दाखवला. “मशीन हा आवाज सगळ्यांत मोठा करतं. आणि शाळेतलं जेवण घेणारे ताटं टबात टाकतात ना, तो. ते झालं की माणसं ओरडायला लागतात. आधी नाही ओरडत.”

सरांनी विचारलं, “तू हे सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही भिंतींचं विचारलं होतं,” खारूताई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून सहावीचा वर्ग जेवणघरातच भरू लागला, तोही भर सुट्टीत. तीन शिक्षक, एकच टेबल, आणि भांडणं अशी की बघत राहावं.

“खुर्ची वाजते, मग शेजारचा आवाज चढवतो, मग त्याच्या शेजारचा,” पायरीबाई म्हणाल्या. “ही पायरी तुम्ही गाळलीत, सर. भिंती शेवटी येतात.”

“कापा गुण!” सर म्हणाले.

“कापलेच!”

उपाय टाचणीबाईंच्या तासाला निघाला: उरलेल्या घोंगडीचे खुर्च्यांच्या पायांना मोजे. पहिले मोजे दुपारपर्यंत गळून पडले, कारण पाय खाली निमुळते होत गेलेले. पोरं जमिनीवर आडवी पडून पायांचे घेर मोजू लागली, वरचा वेगळा, खालचा वेगळा. पायरीबाईंनी त्यावरून कापडाचा नमुना काढायला शिकवलं आणि टाचणीबाईंनी त्यांनाच सुनावलं, “बाई, गणितात शिवण धरलीच नाहीत. कापड आत दुमडावं लागतं!” पायरीबाईंनी मुकाट्यानं आकडे बदलले. तोफ मान वर न करता टाके घालत होता, आणि शिवताना त्याच्या तोंडून आवाज फुटत नाही हा एक नवाच शोध लागला. ताटांच्या टबात रबराची चटई घातली. आणि प्रत्येक मोजा चढवला की पोरं खारूताईला हाक मारायची. ती खुर्ची ओढून बघायची आणि अंगठा वर किंवा खाली करायची. तिचा अंगठा खाली गेला की टाचणीबाईसुद्धा वाद न घालता उसवायला बसायच्या.

घरी ती आता भरभर बोलायची. “आई, आज मी सहा खुर्च्या नापास केल्या!” आई हो हो करायची. आतून मात्र तिला भीती होती. सत्र संपत आलं होतं आणि त्या दुसऱ्या शाळेचा फोन केव्हाही येणार होता.

शेवटच्या दिवशी मुख्याध्यापकांनी पालकांना जेवायला बोलावलं. भाषण नाही, फलक नाही. रोजची सुट्टी, रोजची पोरं. आई भिंतीला टेकून उभी राहिली. घंटा झाली. पोरं आत आली, बसली, डबे उघडले गेले. आवाज होता, पण तो माणसांचा होता. कुणीतरी विनोद सांगत होतं आणि तो विनोद तिला इथून कळला.

खारूताई दारात आली. लेकीचा हात वर गेला, कानाकडे. गेलं, सगळं गेलं, असं आईच्या मनात आलं. पण त्या हातानं पुढे ओढलेले केस उचलून कानामागे खोचले, आधी एका, मग दुसऱ्या. दोन्ही मशीनं उघडी पडली. आणि खारूताई चालत जाऊन तोफेशेजारी बसली.

एवढ्यात बाप आला. नेहमीप्रमाणे उशिरा, घाईत. जागा नव्हती म्हणून त्यानं मुख्याध्यापकांच्या खोलीतली एक खुर्ची उचलून आणली आणि टेबलाशी ओढली. तिला मोजे नव्हते.

खर्रर्रर्र!

सगळं जेवणघर वळून बघू लागलं. आणि पलीकडच्या टोकावरून आवाज आला, स्वच्छ, खणखणीत, वरच्या पट्टीतला:

“बाबा! खुर्ची उचलून ठेव!”

आईनं आपल्या लेकीचा एवढा मोठा आवाज चारचौघांत कधी ऐकला नव्हता. बाप खुर्ची दोन्ही हातांत उचलून शिक्षा झाल्यासारखा उभा. मग हास्याचा असा स्फोट झाला की पायरीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खारूताई खुर्चीवर उभी राहून हसत होती. तिचे खांदे होते तिथेच होते, कानांपर्यंत चढले नव्हते.

“सर, मोजायचं का?” तोफेनं फोन पुढे केला.

“आता काय मोजायचं रे?” सर म्हणाले.

“मग कलकलाट कमी झाला, कशावरून?” पोरं एकसुरात ओरडली. सरांनी आपले कान पकडले. टाचणीबाईंनी बाहीवरची एक टाचणी उंचावत, खुर्चीवर चढत जाहीर केलं की पुढच्या सत्रात व्यायामशाळेचा कलकलाट, आणि तिघं मिळूनच. पायरीबाई म्हणाल्या, “आधी खाली उतरा, बाई. पायरी गाळून चढलात.”

तेवढ्यात आईच्या खिशात फोन थरथरला. दुसरी शाळा. सवयीनं ती दाराकडे निघाली, बाहेर जाऊन बोलावं म्हणून. दोन पावलांवर थांबली. मग परत आली, मोजे घातलेली, नुकतीच रिकामी झालेली एक खुर्ची अलगद सरकवली आणि भर जेवणघरात मधोमध बसली.

“जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या,” ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. “आमची मुलगी इथेच राहणार.”

पलीकडच्या बाईंनी एकदाही ‘काय म्हणालात?’ असं विचारलं नाही. सगळं नीट ऐकू गेलं होतं.

फोन ठेवला तेव्हा समोरच्या टेबलावर खारूताई दोन्ही हातांत गाजर धरून तोफेला काहीतरी रंगवून सांगत होती. मध्येच तिनं एक घास तोडला. कर्रकन.

आईला तो इथवर ऐकू आला.