विरूपाक्ष अप्पांची पाठ

उदगीरच्या बसस्थानकामागे, दगड घडवणाऱ्याच्या आवारात, पुतळ्याच्या चौथऱ्यावर बसवायची काळी शिळा आडवी पडली होती. विरूपाक्ष अप्पांचे नाव आणि जन्म-मृत्यूची साले कोरून झाली होती. मृत्यूविषयीची ओळ तेवढी उरली होती. परवा अप्पांच्या पुतळ्याचे अनावरण. ती ओळ मल्लेशने लिहायची, असे सुदर्शन आणि सत्यम या त्याच्या वर्गमित्रांनी परस्पर ठरवले होते. तिघांत कविता वाचणारा तो एकटाच.

"'छातीवर झेलल्या रझाकारांच्या गोळ्या', टाक लिहून," पुतळा समितीचा सचिव असलेला सुदर्शन म्हणाला.

"छातीवर नव्हत्या," मल्लेश म्हणाला.

"मग काय पायावर?" सत्यम हसला. "अन् हे अप्पा नेमके कोण होते रे? मला नुसता त्यांचा चौक माहीत हाय."

सतरा वर्षे मल्लेशने अप्पांच्या मरणाचे गुपित उराशी बाळगले होते, आणि आज ते चौकापासून समजावायचे होते.

"अठ्ठेचाळीस साली निजामाविरुद्ध गाव उठवलं त्यांनी. ओढ्यावर गोळी लागली. माझे आजोबा गावचे मठपती, मातीचे विधी तेच करायचे. आपल्या लिंगायतांत माणूस बसवून पुरतात, ठाऊक हाय ना? रझाकार परततील या भीतीनं अंघोळसुद्धा न घालता मातीला नेलं. आजोबांनी खड्ड्यातल्या कोनाड्यात अप्पांना टेकवलं, तर मागची माती रक्तानं ओली झाली. पुढं ओढून पाहिलं. छाती कोरी. भोक पाठीत, भोवतीचा सदरा जळालेला. रझाकार समोर होते, ओढ्यापल्याड. मागं हाताच्या अंतरावर फक्त आपली माणसं होती."

"मग बोलले का न्हाईत आजोबा?" सत्यमने विचारले.

"खड्ड्यातून वर येईस्तोवर गावानं बाजारात दस्तगीर टांगेवाल्याला रझाकारांचा खबऱ्या म्हणून ठेचून मारलं होतं. त्यानंतर बोलायचं म्हणजे अख्ख्या गावाचे रक्ताळलेले हात दाखवायचे. मरताना मला सांगितलं."

मल्लेशला वाटले, आता कुणीतरी चिडेल, खोटारडा म्हणेल, कॉलर धरेल. सत्याला निदान एक शत्रू तरी मिळेल.

"लई भारी हाय राव," सत्यम म्हणाला. "सिरीज निघंल यावर."

"सिद्ध होतंय का?" सुदर्शनने विचारले.

"न्हाई. म्हणून तर म्हणतो, नुसतं 'मारले गेले' लिहू. कुणी, कसं, काही नको. दस्तगीरवरचा डाग तरी दगडात जाणार न्हाई."

"मालक, पुतळा छाती काढून उभा हाय," सुदर्शन म्हणाला. "अन् दस्तगीरचं हाय का कुणी गावात?"

"त्याच आठवड्यात गाव सोडून गेले सगळे."

"मग कुणासाठी भांडायलास?" सुदर्शनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातात राग नव्हता, कपट नव्हते. चहा सांगायची घाई तेवढी होती. "तू न्हाई लिहिलं तर सत्यम लिहील. शुद्धलेखनाच्या चुका दगडावर राहतील, बघ."

सत्यमने खरोखरच खडू उचलला. मल्लेशने तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि शिळेवर वाकला. निदान एखादी वेलांटी तरी वाकडी जाईल, अशी त्याला आशा होती. अक्षर नेहमीसारखेच वळणदार आले.

"झकास," दगड घडवणारा म्हणाला, आणि 'छातीवर'पासून त्याने सुरुवात केली.