भरीव लाकूड, पोकळ लाकूड

मार्गशीर्षातले ऊन कोवळे असते, आणि मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीत ते अधिकच कोवळे होऊन उतरते. छपराछपरांवर वाळणारे भोपळे, पीतवर्णी, ताम्रवर्णी, तपकिरी. त्यांच्या उदरांत अजून न जन्मलेले सूर. लाखेचा दरवळ, लाकडाचा भुसा, आणि कुठेतरी जुळत चाललेली एकाकी तार. या गल्लीत सकाळ आधी कानांना कळते, मग डोळ्यांना.

इथे हिंदुराव सुतार तंबोरे घडवतात. लाकडावर बोटाच्या पेराने टकटक करायची, मान किंचित कलती करायची, आणि 'हं' म्हणायचे. त्या एका हुंकारावर गल्ली विसंबते, गवई विसंबतात. हिंदुरावांनी हं म्हटलेले लाकूड दुसऱ्यांदा कुणी तपासत नाही. तो त्यांचा अपमान समजला जातो.

त्यांची एकुलती लेक तेजल. तिला हवी होती इलेक्ट्रिक गिटार. कॉलेजातल्या सोबत्यांबरोबर ती वाजवते ते संगीत वादळी, विद्युन्मय, भिंती हादरवणारे. कर्कश म्हटले तरी तिला राग येत नाही. घरी मात्र उसन्या गिटारीवर ती मंद मंद काही छेडते, आणि हिंदुरावांना, तिच्या आबांना, वाटते, लेकीची वाट हीच. तेजलने त्यांना तसे वाटू दिले. त्यांचे मन मोडवेना, हे खरे. आणि ते सोयीचेही होते, हेही खरे.

सांगलीच्या दुकानात गिटारी टांगल्या होत्या. रक्तवर्णी, मेघवर्णी, मधुवर्णी. तेजलची नजर एका काळ्याभोर, भरीव अंगाच्या गिटारीवर खिळली. आवाज कितीही चढवा, भरीव लाकूड डगमगत नाही. तिच्या वादळाला तेच अंग हवे होते. पण आबा निघाले आपल्या रीतीने, एकेका गिटारीवर टकटक करत. काळ्याभोर गिटारीपाशी ते हसले, म्हणाले, हा तर जेवायचा पाट झाला. मधुवर्णी, पोकळ अंगाच्या गिटारीपाशी मात्र थबकले. डोळे मिटले. मान कलली.

"हं. हीच घे, बाळ. हिच्या पोटात सूर राहील."

सांगायचे एवढेच होते की आबा, माझे संगीत तुम्ही अजून ऐकलेलेच नाही. चार शब्दांचे काम. तेजलने ते केले नाही. तिने मधुवर्णी गिटार यंत्राला जोडली, आवाजाची कळ शेवटपर्यंत फिरवली आणि मुद्दाम स्पीकरच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. पोकळ लाकडात आवाज शिरला, घुमला, फुगला, आणि गिटार किंचाळली. दुकानभर ती किंचाळी, काचाकाचांवर ती किंचाळी. एवढ्या आवाजात पोकळ अंग असेच किंचाळते, हे तिला ठाऊक होते. आबांना कसे ठाऊक असणार? त्यांच्या गल्लीतली वाद्ये विजेवर चालत नाहीत.

आबांचा चेहरा उतरला. दुकानदाराकडे बघवेना, लेकीकडेही बघवेना.

"माझा कान चुकला बघ," ते हळूच म्हणाले. "तुझी तू निवड."

तिने निवडली. काळीभोर, भरीव, हवी तीच. परतताना बसमध्ये आबांनी ती मांडीवर घेतली, पोरीला जड होईल म्हणून. बाहेर उसाचे रुपेरी तुरे उन्हात डोलत होते, आणि तेजलला ते ऊनही सोसवत नव्हते. तिला लाज वाटत होती, फार लाज वाटत होती.

पुढे काही दिवसांनी आबा एका गवयाच्या तंबोऱ्याची जवारी लावत बसले होते. तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची घोडी कानशीने केसभर, केसभर घासत जायची, तारेखाली गुंजारव उमलेपर्यंत; मग थांबायचे. थांबणे हीच खरी विद्या. आबांनी तार छेडली, आणि खोलीभर सूर पसरला, गोल, गंभीर, स्निग्ध. जवारी लागली होती. आबांनी मात्र 'हं' म्हटले नाही. त्यांनी तेजलला हाक मारली आणि जरा ऐकायला सांगितले.

"लागली, आबा."

"नक्की न्हवं?"

हा प्रश्न या घरात त्यांनी कधी कुणाला विचारला नव्हता. तेजलने सारे सांगून टाकले. ती कळ, तो स्पीकर, ते मुद्दाम उभे राहणे. तुमचा कान चुकला नव्हता, मीच तो चुकीचा ठरवला, म्हणाली, आणि रडली.

आबांनी शांतपणे ऐकून घेतले. भुकटीने माखलेला हात तिच्या मस्तकावर ठेवला.

"माझं मन राखतीस व्हय?" ते मायेने म्हणाले. "असू दे. वय झालं की कान जायचाच, बाळ."

ती नाही म्हणाली, पुन्हा पुन्हा नाही म्हणाली. ते नुसते हसले, आणि कानस घेऊन खाली वाकले. लागलेल्या जवारीवर कानस फिरली, पुन्हा फिरली. शुभ्र भुकटी उडाली, उन्हात तरंगली, हळूहळू खाली बसली. आबा तार छेडत, कान देत, पुन्हा घासत. आणि तो गोल, गंभीर, स्निग्ध सूर कणाकणाने विझत गेला.