न वाजलेला निरोप

गावाचं अ‍ॅप मी तयार केलं, तेव्हा सगळे शहाणे माझ्यावरच ओरडले. "सुजय, मेल्या, दिवसभर किती वाजवतोस!" नळाला पाणी आलं, वाजलं. बैठक ठरली, वाजलं. गावच्या मुंबईकरांना कामावर बोलणी बसायला लागली. रत्नागिरीतली नोकरी सांभाळून फुकटात करत होतो मी हे. माझंही डोकं फिरलं. दहा बटणं काढून एकच ठेवलं: 'फक्त महत्त्वाचं'. कोणी गेलं तरच फोन वाजेल, बाकी सगळं गुपचूप येऊन पडेल. सगळ्यांनी ते दाबलं आणि वर मला शाबासकीही दिली.

जाईबाई गेली ती सकाळी. मुलगा राजेंद्र मुंबईत. आता आमच्याकडे आई गेली असं पोराला थेट कोण कळवतं? वाटेत त्याचं काही बरंवाईट झालं तर? 'तब्येत बरी नाही, निघून ये' एवढंच म्हणायचं, पोर काय ते समजतं. जाईबाईच्या जावेने, काशीने, तसंच अ‍ॅपवर टाकलं, 'आजारपण' या सदरात. फोन मात्र कोणी केला नाही. आवाजावरून कळतं ना!

वाजलंच नाही हो ते.

दिवस मावळेपर्यंत वाट पाहिली, मग चुलतभावाने अग्नी दिला. राजेंद्रला निरोप दुसऱ्या दिवशी दिसला. आईचं तोंड बघायला मिळालं नाही त्याला, आणि ते माझ्यामुळे. उगाच कशाला सारवासारव करू?

बाराव्या दिवशी संध्याकाळी त्याने मला घरासमोरच्या खळ्यात बोलावलं. "रोज याच वेळी येतो," म्हणत फोन माझ्या हातात दिला. आणि तो खणखणीत वाजला. 'जाईबाईची तब्येत बरी नाही. राजेंद्रने निघून यावं.'

तो निरोप मी माझ्या हाताने पुसला होता. आणि आजारपणाला आवाजच ठेवला नव्हता मी! 

"थांब, अ‍ॅपच काढून टाकतो."

त्याने माझं मनगट धरलं. "नको. बोलावतेय ती. एकदा तरी वेळेत पोचू दे मला."

पायरीवरची बॅग उचलून तो कुंपणाच्या बेड्यापर्यंत, फाटकाशी गेला. तिथून वळला आणि धावत घरात शिरला. "आये, आलो गो!"

आतून कोणी ओ देऊ नये, म्हणून मी उभ्याउभ्या देवाला गाऱ्हाणं घातलं.